थांबणारी माणसं

मीरा-भाईंदरला आल्यापासून केरबा आणि जाईबाई साळवे यांनी सात घरं बदलली. आधी पूनम सागर, मग हाटकेश, मग केबिन रोडच्या मागची गल्ली, पुन्हा हाटकेश. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की एजंट दारात उभा राहायचा आणि जाईबाई टोप-पराती पोत्यात भरायला घ्यायची. केरबाला यात देवाचा हात दिसायचा. मिसर देशातून निघालेल्या लोकांवर रानात ढग असायचा, तो उठला की त्यांनी उठायचं आणि तो थांबला की थांबायचं, हे त्याने चर्चच्या उपासनेत ऐकलं होतं आणि डोक्यात पक्कं धरलं होतं. त्यांचा ढग निदान दलाली तरी मागत नव्हता, असं जाईबाई मनातल्या मनात म्हणायची.

केरबा वाईट माणूस नव्हता. बिल्डिंगांच्या गेटवर सिक्युरिटीत जन्म काढला. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. भांडायला काही हाताशीच लागू द्यायचा नाही, हे जाईबाईचं मोठं दुखणं.

दुसरं दुखणं गुडघ्यांचं. आताची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आल्यापासून ती जिना पायरीपायरीवर बसत उतरत होती. म्हणून त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब स्वतः चार मजले चढून आले आणि म्हणाले की प्रार्थनागृहाला लागून असलेली तळमजल्याची खोली रिकामी झालीय, राखणीला माणूस हवाय, तुम्ही दोघं या आणि शेवटपर्यंत राहा, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. केरबाने हात जोडले आणि सांगितलं, "वचन काढतो आणि कळवतो."

वचन काढायचं म्हणजे वचनपेटीतून. लाकडाची पानाच्या डब्याएवढी पेटी, आत शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एकेका ओळीच्या चिठ्ठ्या. रोज सकाळी केरबा डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायचा, वाचायचा, परत ठेवायचा. पण देवाने एखादं वचन पुरं केलं, तर ती चिठ्ठी पेटीत परत जायची नाही. मागे तारीख घालून तो ती आपल्या शास्त्रात जपून ठेवायचा. हा नियम त्याचा त्यानेच केलेला.

पहिल्या सकाळी शांत राहण्याचं वचन निघालं. दुसऱ्या सकाळी धीर धरण्याचं. मग प्रीतीचं, मग क्षमेचं. केरबा म्हणायचा, निघ असं म्हणत नाही, म्हणजे थांब. दोन रविवार गेले. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, केरबाने पुन्हा हात जोडले.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी तो दूध आणायला उतरला तेव्हा जाईबाईने पेटी पलंगावर उपडी केली. तिला एकेक अक्षर लावून वाचता यायचं. तासभर लागला असता, पण अर्ध्यातच तिच्या ध्यानात आलं. पेटीत ऊठ, चल, निघ म्हणणारी एकही चिठ्ठी उरली नव्हती. तशा सातही चिठ्ठ्या सात घरं सोडताना खर्ची पडून केरबाच्या शास्त्रात जाऊन बसल्या होत्या. आता देवाच्या मनात कितीही असतं, तरी त्याला निघ म्हणायला पेटीत कागदच नव्हता.

तिने उरलेल्या चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात टाकल्या. केरबाच्या शास्त्रातून त्या सात काढल्या आणि पेटीत ठेवल्या. पापाची भीती तिला वाटली नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याला पंधरा दिवस उशिरा सुचली, याचीच चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी केरबाने चिठ्ठी उचलली. मागे त्याच्याच अक्षरात पूनम सागर सोडल्याची तारीख होती. तो ती उलटसुलट करून बघू लागला, आणि जाईबाईने तांदळाचा डबा पायाने मागे सरकवला. मग त्याचे डोळे भरून आले. देव आपला शब्द फिरवत नाही, तेच वचन त्याने पुन्हा दिलं, असं म्हणून तो गुडघ्यांवर आला. संशय घ्यायचं सगळं काम त्याने पहिल्यापासून बायकोवर सोपवलं होतं.

रविवारी उपासनेआधी त्याने पाळकसाहेबांना गाठून होकार सांगितला. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. खोली शुक्रवारीच अमोल आणि संचिताला देऊन झाली होती. नवं जोडपं, उतावीळ, रोज फोन करत होतं. दिली नसती तर मंडळी सोडून गेलं असतं. "तुमचं तसं नाही, काका," पाळकसाहेब केरबाचा हात धरून म्हणाले. "तुम्ही थांबणारी माणसं. तुमचा मला भरवसा होता."

आणि केरबा खूश झाला. जाईबाईने ते डोळ्यांनी पाहिलं. खोली गेली, आणि हा माणूस शाबासकी मिळाल्यासारखा ताठ झाला. तिला देवाचा राग आला नाही. देवाने तर खोली चार मजले चढवून दारात पाठवली होती. राग आला तो या दोन भल्या माणसांचा, आणि तो इतका आला की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली.

साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ झाली तेव्हा केरबा उभा राहिला. देवाने आपल्याला अजून थोडं चालवायचं ठरवलंय, असं त्याने डोळे मिटून सांगितलं. ते रानातले लोक कुरकुर करत राहिले म्हणून त्यांची चाळीस वर्षं तिथेच गेली. "पण माझ्या जाईनं सात घरांत एकदाबी कुरकुर केली नाही."

सगळे तिच्याकडे कौतुकाने वळले. पुढच्या रांगेत संचिताच्या ओटीत नव्या कुलपाची किल्ली होती. जाईबाई गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"केली," ती म्हणाली. "सातही घरांत केली. रोज केली. ह्यांनी कधी विचारलंच नाही."

मागच्या रांगेतून दोघातिघांनी सवयीने आमेन म्हटलं.