हातआरशाने पाहिलेले दुखणे

मी एक जुना हातआरसा आहे. गोल काच, लाकडी मूठ आणि कडेला नखाएवढा टवका. मित्रांनो, मी आज तुम्हांला माझी हकीकत सांगणार आहे. पण तिच्यात माझ्यापेक्षा ताईच जास्त आहे, आणि ते बरेच आहे.

काच कापणाऱ्या एका हसतमुख कारागिराने मला घडवले. केस कापण्याच्या एका छोट्या दुकानाने मला विकत घेतले. दोन खुर्च्या, एक स्टूल, आतल्या बाजूला पडद्याआड एक खोली, एवढेच ते दुकान. केस कापून झाले की दुकानात केस कापणारी ताई मला गिऱ्हाइकाच्या पाठीमागे धरायची आणि विचारायची, "मागून ठीक आहे ना?" लोक मान हलवायचे. त्या एका मान हलवण्यात माझे सारे कौतुक असे. पुढे दिव्यांचा मोठा आरसा आला, आणि माझी रवानगी जुन्या कंगव्यांच्या खणात झाली. खण कधी पुरता बंद व्हायचा नाही, म्हणून मला फटीतून दुकान दिसत राही.

ताईला मुलगी झाली. सगळे तिला चिमणी म्हणायचे. पाच महिन्यांनी ताई कामावर परतली, आणि काहीतरी बिनसले आहे हे माझ्या लक्षात आले. ती स्टुलावर बसेना. डबासुद्धा उभ्याने खायची. पाणी घोटभरच प्यायची, कारण लघवीला गेली की ओठ घट्ट मिटून बाहेर यायची. कापता कापता मध्येच थांबायची, खुर्चीची पाठ धरायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचे की ती केसांचा अंदाज घेते आहे.

तिला लघवीच्या जागेभोवती खाज सुटत होती. साधीसुधी नव्हे, जीव नकोसा करणारी. कातडी चिरत होती. औषधाच्या दुकानात तिने हळू आवाजात सांगितले, त्यांनी एक ट्यूब दिली. एका दवाखान्यात बुरशी असेल म्हणून गोळ्या दिल्या. दुसरीकडे सांगितले की टाके भरायला वेळ लागतो, बाळंतपणानंतर असे होतेच. शेजारणीने स्वच्छता राखायला सांगितले. तेव्हा ताई दिवसातून चार वेळा जंतुनाशक साबणाने धुऊ लागली, आणि आग आणखीच वाढली. आपणच कुठेतरी अस्वच्छ आहोत, असे तिच्या मनाने घेतले.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वभावाने गरीब माणूस. बायको आपल्याला जवळ येऊ देत नाही, म्हणजे आपले काहीतरी चुकले, असे त्याला वाटायचे. एकदा दुकानात येऊन त्याने विचारलेही. ताई त्याच्यावर खेकसली, आणि तो गेल्यावर टॉवेलांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत बसली. अशी दोन वर्षे गेली.

मग एक दिवस इस्पितळातली परिचारिका केस कापायला आली. जुनी गिऱ्हाईक, कमी बोलणारी. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरे कोणी नव्हते. ताईला उभ्याने डबा खाताना तिने पाहिले आणि काय होते आहे ते सरळ विचारले. ताईने आधी उडवून लावले. मग हळूहळू सगळे सांगितले.

परिचारिकेने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. "यांपैकी तपासून कोणी पाहिलं?"

ताईने डब्याचे झाकण लावले. "विचारलं सगळ्यांनी," ती म्हणाली. "पाहिलं कोणीच नाही. मीसुद्धा."

त्याच आठवड्यात ती त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नीट तपासले आणि दुखण्याचे नाव कागदावर लिहून दिले. लायकेन स्क्लेरोसस. ते अस्वच्छतेने होत नाही, कोणाकडून लागत नाही आणि आपल्यापासून कोणाला लागतही नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहते. आधी रोज मलम लावायचे, मग आठवड्यातून दोनदा, आणि ते मात्र सोडायचे नाही. साबण बंद. वर्षातून दोनदा तपासणी, कारण क्वचित त्या जागी कर्करोग होऊ शकतो. आणि मलम नेमके कुठे लावायचे ते समजावे म्हणून त्या म्हणाल्या, घरी एखादा हातआरसा असेल तर घ्या.

तर असा मी खणातून बाहेर आलो आणि ताईच्या घरी गेलो.

ताईने खोलीची कडी लावली. सकाळचे ऊन खिडकीतून पलंगावर आले होते. एकतीस वर्षांत तिने स्वतःला तिथे कधी पाहिले नव्हते. मित्रांनो, मी तिला जे होते तेच दाखवले. पातळ कागदासारखी पांढरी, सुरकुतलेली कातडी, एक ताजी चीर, आणि एका बाजूची घडी चिकटून सपाट झालेली. तिने मला पलंगावर पालथे घातले. बराच वेळ मला फक्त चादर दिसत होती. मग तिने मला पुन्हा उचलले आणि मलम लावले. त्यानंतर तिने कडी काढली, नवऱ्याला आत बोलावले, आणि डॉक्टरीणबाईंचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो सावकाश वाचला. "मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय," तो म्हणाला. ताईला हसू आले आणि रडूही.

महिन्याभरात खाज थांबली. ताई पुन्हा बसून डबा खाऊ लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चिमणीला सांभाळायला ताईची आई यायची. एक दिवस तिने मलमाची ट्यूब पाहिली आणि हे कशाचे म्हणून विचारले. ताईने सांगून टाकले. आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. चिमणीच्या एका इवल्याशा झग्याची तिने तीनदा घडी घातली आणि तीनदा उलगडली.

"पांढरं झालंय?" तिने मान वर न करता विचारले. "कागदासारखं?"

ताई तिच्याकडे पाहतच राहिली. पांढरे झाल्याचे तिने सांगितलेच नव्हते.

"तू झालीस तेव्हापासून," आई म्हणाली. "आधी वाटलं टाक्यांचं आहे. मग वाटलं, बाईच्या जातीला असतंच. तुझ्या बाबांनाही कधी बोलले नाही."

ताई तिच्या शेजारी जाऊन बसली. तिथूनच तिने दवाखान्यात फोन लावला आणि आईची वेळ घेतली.

आईच्या कातडीवर एक घट्ट डाग निघाला. त्याचा कणभर तुकडा तपासणीला गेला. ते बारा दिवस घरात कोणाला धड जेवण गेले नाही. जावई रोज कामावरून फोन करून विचारायचा, आला का अहवाल. शेवटी आला, आणि त्यात काही वावगे नव्हते. जे चिकटले आहे ते पूर्वीसारखे होणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी आईला स्पष्ट सांगितले. पण आग थांबली. तिने एका बैठकीत अख्खे मासिक वाचून काढले आणि वर म्हणाली, शेवटची गोष्ट अगदीच रटाळ होती.

आता मी कपाटात राहतो, हात पोहोचेल अशा जागी. मायलेकी दोघी मला वापरतात. खणातले ते दिवस मला आठवतात, पण तक्रार नाही. उपयोगी पडण्याचे भाग्य मला दोनदा लाभले.

परवाचीच गोष्ट. घरी नवऱ्याचे दोन सहकारी चहाला आले होते. चार वर्षांची चिमणी धावत आली आणि सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात म्हणाली, "आई, मला शू करताना जळजळतंय."

आजीच्या तोंडून सवयीने "हळू" एवढेच निघाले, आणि पुढचे शब्द तिने गिळले. पाहुण्यांनी चहात डोळे बुडवले. ताईने कप खाली ठेवला, चिमणीला कडेवर घेतले आणि म्हणाली, "बरं झालं लगेच सांगितलंस." तासाभरात दोघी दवाखान्यातून परतल्या. काळजीचे काही नव्हते, भरपूर पाणी प्यायचे, एवढेच.

मित्रांनो, आजीला सांगायला एकतीस वर्षे लागली. ताईला दोन. चिमणीला चप्पल काढण्याइतकाही वेळ लागला नाही. तुम्हांला कुठेही दुखले, खुपले, तर त्या जागेची लाज धरू नका. विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि कोणी तुम्हांला सांगितले तर ऐकून घ्या. मी काच आहे, मला फक्त दाखवता येते. सांगायचे मात्र तुम्हांलाच.