सहा नंबरची टाकी

पेल्यांचा ट्रे घेऊन कस्तुरा वायनरीच्या तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोचली, तेव्हा आत हशा पिकला होता.

"आन् ह्या सहा नंबरच्या टाकीची गोष्ट तर लई न्यारी," उद्धवराव सांगत होते. डोक्याला गुलाबी फेटा, सदऱ्याच्या गळ्याशी चिमुकला माईक. समोर माण-हिंजवडीकडून रविवार घालवायला आलेली वीस-पंचवीस तरुण मंडळी. "आमच्यात एक जयसिंग व्हता. त्याला ह्या गोड वाईनचा, आमच्या गोडीचा, भारी नाद. एक दिस कुनी बघत न्हाई आसं पाहून गडी शिडी लावून टाकीत उतरला. पीत ऱ्हायला, पीत ऱ्हायला, आन् तितंच झोपला. काढला तवा मेला व्हता, पन तोंडावर हसू व्हतं. आसं मरान नशिबात लागतं, पाव्हनं."

मंडळी पुन्हा हसली. एकाने पेला उंचावला. "जयसिंगच्या नावानं चिअर्स."

कस्तुराने ट्रे एका पिंपावर ठेवला. उद्धवरावांची नजर तिच्यावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, तुमी हितं..."

माईकमुळे ते सगळ्या तळघरात ऐकू गेलं.  पिंपांची बुचं ठोकायची लाकडी मोगरी भिंतीला टेकून ठेवलेली होती. कस्तुराने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. दुसरा घाव त्यांच्या आडव्या धरलेल्या हातावर बसला, दोन बोटं उलटी वळली. तिसरा चुकला आणि पिंपाच्या पितळी तोटीवर पडला. तोटी तुटली, जाड काळपट वाईन कारंज्यासारखी उडाली. माणसं ओरडत जिन्याकडे पळाली, फरशीवर घसरून एकमेकांच्या अंगावर पडली.

दोन सिक्युरिटीवाले खाली धावले. एकाने तिची वेणी हाताला गुंडाळून तिला पायऱ्यांवरून वर ओढलं. दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. तिने त्याची पोटरी धरून दातांनी फोडली, तेव्हा त्याने काठीचं टोक तिच्या तोंडावर मारलं. पुढचा एक दात पायरीवर पडला.

"बास, बास," मालक दिग्विजय वरून म्हणत होता. "आणि व्हिडिओ बंद करा कुणीतरी, प्लीज."

कस्तुराला तिथे कामाला लागून तीनच आठवडे झाले होते. त्याआधी एकोणीस वर्षं ती चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती. ठेकेदार बदलला, काम गेलं. वायनरीत फेब्रुवारीच्या हंगामाला बायका पाहिजेत असं कळल्यावर मुलगी नेहा म्हणाली होती, "आई, तिथे नको जाऊस." पण हे काम तिच्या हातातलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून नवरा, जयसिंग, मेला तोवर प्रत्येक हंगाम तिने तिथेच काढला होता.

तेव्हा भामा नदीच्या काठाने पाच-सहा गावांत काळ्या द्राक्षांचे मळे होते. घड वेलीवरच अर्धे सुकू द्यायचे, मग सावलीत बांबूच्या तट्ट्यांवर पसरायचे. बारा दिवस बायका एकेक घड हाताने उलटायच्या. गांधीलमाशा चावायच्या, बोटं सुजायची, आणि त्या आटलेल्या रसाची वाईन एवढी गोड व्हायची की लोक तिला नुसतं गोडी म्हणायचे. आता त्या गावांत कंपन्यांच्या शेड होत्या. दिग्विजयच्या आजोबांचा बारा एकरांचा मळा तेवढा उरला होता, आणि दिग्विजयने त्याला वारसा असं नाव देऊन तिकीट लावलं होतं.

कस्तुराचं काम बाहेर, तट्ट्यांवर. त्या रविवारी पेले देणारी सायली आली नव्हती, म्हणून ट्रे तिच्या हातात आला. त्यामुळे ती गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

चौकीत तिला बाकावर बसवलं होतं. पदर तोंडातल्या रक्ताने भिजला होता. नेहा कंपनीतून ओव्हरटाइम सोडून युनिफॉर्मवरच आली. आईची हनुवटी धरून तिने तोंड पाहिलं.

"कुणी मारलं?"

"आधी मी मारलं," कस्तुरा म्हणाली.

दवाखान्यातून उद्धवरावांना आणलं. हात गळ्यात, बोटांना पट्ट्या, फेटा कुठेतरी राहून गेलेला. त्यांच्यामागून दिग्विजय आला. फौजदारांसमोर खुर्ची ओढून तो सौम्यपणे म्हणाला, "साहेब, हे वाढवायचं नाहीये आम्हाला. मावशींचा पाय घसरला, ट्रे पडला, धावपळीत दोघांना लागलं. तेवढंच लिहा. उपचाराचं मी बघतो, दोघांच्याही. कामावरही ठेवतो."

फौजदारांनी कस्तुराकडे पाहिलं. "काय बाई? तक्रार नसेल तर केस नाही. सही करायची, घरी जायचं."

नेहा तिच्या कानाशी म्हणाली, "कर सही, आई. चल घरी."

"पाय न्हाई घसरला माझा," कस्तुरा म्हणाली. "मी मोगरीनं हानलं. डोकं फोडायचं व्हतं, खांद्यावर बसलं. तसं लिवा."

"अहो, आत जाल," फौजदार म्हणाले. "विचार करून बोला."

"जाईन. पन का हानलं तेबी लिवा. माझा नवरा दारू पीत न्हव्हता. जन्मात न्हाई. हितं काम करून बोट चाटलं न्हाई त्यानं. भर दुपारची वेळ व्हती. हे भाऊजी टाकी धुवायला उतरले आन् आत गॅस व्हता. रस फसफसून गेला की खाली बसतो तो, दिसत न्हाई. हे पडले. वर चार मान्सं हुबी व्हती, कुनी उतरंना. माझा नवरा उतरला. कमरंचा दोर सोडून ह्यांच्या बगलंत बांधला. ह्यांना वर वढलं. दोर परत खाली सोडस्तवर ह्यो पडला व्हता."

 फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं, ते तिने पुसलं नाही.

"मी तट्ट्यांवरून पळत आले. त्याला काढला तवा तोंडावर हसू न्हव्हतं, साहेब. दाही नखं उलटली व्हती. टाकीच्या शिमिटावर रक्ताच्या रेघा व्हत्या, पार मान्साच्या उंचीपोतूर. तिसऱ्या दिशी ह्यांनी जबाब दिला, पिऊन पडला म्हून. मी गप बसले. पोरगी पाच वर्षांची व्हती."

दिग्विजय उठून उभा राहिला. "हे फार जुनं आहे. आजोबांच्या वेळचं. ह्याला काही पुरावा नाही. आणि उद्धवराव, तुम्ही काही बोलू नका, तुम्हाला बरं नाहीये."

फौजदारांनी उद्धवरावांकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याच्या सदऱ्यावर वाईनचा डाग वाळून कडक झाला होता. दिग्विजयने त्याच्या मोडलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच बोटं रुतवली. उद्धवराव कळवळून पुढे वाकले. वाकलेल्या स्थितीतच म्हणाले, "व्हय."

"काय व्हय?"

"त्यानं मला दोर बांधला. मला सुद व्हती थोडी. मी त्याचे हात बघितले बांधताना." मग दिग्विजयकडे न बघता, "दोन पोरी उजवायच्या व्हत्या, वहिनी. मोठ्या मालकांनी कागद लिवून दिला, मी वाचला. फुडं धाकट्या मालकांनी हसायची गोष्ट केली त्याची. तीबी मीच सांगत ऱ्हायलो."

कस्तुराने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. मोगरी आता हातात असती तर तिने पुन्हा उचलली असती, एवढंच तिला नीट कळलं.

"साहेब, त्यांचंबी लिवा," ती म्हणाली. "माझंबी लिवा."

दिग्विजय दार आपटून बाहेर गेला, फोनवर वकिलाशी बोलू लागला. हवालदाराने कागद लावला आणि टाइप करू लागला. मोगरीने मारहाण, हाड मोडलं, बोटं मोडली. कस्तुराने एकही शब्द खोडायला सांगितला नाही. नेहा तिच्या शेजारी बसून राहिली. घरी चल, असं ती पुन्हा म्हणाली नाही.

हवालदाराने जबाब वाचून दाखवला. शेवटाकडे येऊन तो भराभर वाचू लागला, "माझे पती जयसिंग हे दारू पीत नव्हते. ते टाकीत बेशुद्ध पडलेल्या इसमाला वाचवण्यासाठी उतरले व त्यास वर काढून स्वतः मयत झाले."

"ते परत वाचा," कस्तुरा म्हणाली.

त्याने परत वाचलं.

"आजून एकदा."

हवालदाराने मान वर करून फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग त्याने कागद उजेडाकडे धरला आणि या वेळी एकेक शब्द सुटा करून, सावकाश वाचला.