खालची बाजू

नानाने स्ट्रेचरचे दांडे धरायला हात पुढे केले आणि पाहिलं, तर धाकटा आधीच जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन उभा होता.

रुग्णालयाची लिफ्ट सकाळपासून अडकली होती. स्ट्रेचरवर पाय मोडलेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या एक शिक्षिका होत्या. जिना चढा की उतरा, सगळा भार येतो तो खालच्या माणसावर. म्हणूनच खालची बाजू नेहमी जाणत्याची, असा नानाचा शिरस्ता होता. गेल्या काही महिन्यांत मात्र न विचारता, न बोलता धाकटा तिथे जाऊन उभा राहायला लागला होता.

"उचल," धाकटा म्हणाला.

नानाने उचललं. डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला कुणीतरी बोट खुपसावं तशी कळ आली. त्याने दात आवळले आणि चेहरा सरळ ठेवला.

"पाडणार नाही ना हो?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"आमच्या हातून आजवर कुणी पडलेलं नाही, बाई," नाना म्हणाला आणि खाली पाहिलं. धाकटा उलटा उतरत होता. त्याची नजर पायऱ्यांवर नव्हती, बाईंवरही नव्हती. ती नानाच्या डाव्या खांद्यावर होती.

"वळण," धाकटा म्हणाला. मग, "ठेव."

इतकंच. या दोघांच्यात कामाचे पाच-सहा शब्द सोडले तर बोलणं नव्हतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे अख्खं रुग्णालय एकाला नाना आणि दुसऱ्याला धाकटा म्हणत असे. धाकट्याचे केस पिकले तरी. पूर्वी दोघं एका डब्यात जेवत. मग मुकादमाची जागा रिकामी झाली. ती नानाला मिळणार हे ठरल्यासारखंच होतं, पण कुणीतरी मेट्रनच्या कानात सांगितलं, नाना ड्युटीवर झोपतो. जागा दुसऱ्याला गेली. ते 'कुणीतरी' कोण, हे नानाने कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्या दुपारी पाळीवर दोघंच तर होते. त्या दिवसापासून नानाने तोंड बंद केलं, आणि धाकट्यानेही ते उघडायला लावलं नाही.

आता त्याची नजर खांद्यावर होती. म्हणजे डाव नवा होता.

मागच्या वर्षी नानाच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली होती. बाहेरच्या एका छोट्या दवाखान्यात त्याने ती काढून घेतली. इथे कळलं असतं तर चार लोकांनी चार प्रश्न विचारले असते. गाठ साधी निघाली, जखम भरली. पण त्यानंतर डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. खांदा खाली ओघळल्यासारखा दिसू लागला. नाना शर्टाच्या आत डाव्या खांद्यावर रुमालाची घडी ठेवू लागला. आरशात तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसे. मागून कसा दिसतो, हे बघायची सोय कुणालाच नसते.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. नानाने सहज विचारल्यासारखं केलं, "तुझ्या बहिणीकडे काय म्हणतायत?"

बायकोने मान वर केली. "आज कसं काय बुवा तिकडचं आठवलं?"

"नाही, आपलं असंच."

"असंच म्हणे! तुम्ही दुधाची पिशवी आणली तरी हुंगून बघता. असंच काही विचारायची तुमची जात नव्हे." तिने शेंगेचा दोरा ओढून काढला. "भावजींची पाठ गेलीय. घरी आले की फरशीवर आडवे होतात. बुटाची नाडीसुद्धा धाकटी बांधते. रोज तुमच्या तिथल्याच त्या व्यायामवाल्या बाईंकडे जातात म्हणे."

"नाटकं," नाना म्हणाला.

"कसली नाटकं?"

"हलकं काम हवं असेल. नाहीतर..." तो थांबला. नाहीतर तिथे बसून बाईंच्या कानात माझ्याबद्दल ओतत असेल. हे तो बोलला नाही. बायकोलाही त्याने खांद्याचं धड सांगितलं नव्हतं. दोघी बहिणी दिवसातून एकदा तरी फोनवर बोलत. इकडचं वाक्य तिकडे पोचायला वेळ लागत नसे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो व्यायाम विभागाच्या समोरच्या पाण्याच्या नळापाशी रेंगाळला. तहान नसताना दोन पेले पाणी प्याला. दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला, कमरेत वाकलेला. नानाला बघताच ताठ झाला. दाराआडून बाईंचा आवाज आला, "आणि त्यांना पाठवा माझ्याकडे."

धाकटा निघून गेला.

'त्यांना' म्हणजे कुणाला, हे नानाला सांगावं लागलं नाही. मुकादमाने तासाभरात निरोप दिलाच, "नाना, उद्या सकाळी व्यायामवाल्या बाईंनी बोलावलंय. सगळ्या स्ट्रेचरवाल्यांची पाठ बघणार आहेत."

"सगळ्यांची?"

"तुमच्यापासून सुरुवात."

नाना मनात हसला. सुरुवात आणि शेवटही.

बाईंच्या खोलीत भिंतीवर एका माणसाचं मोठं चित्र होतं, कातडी काढलेलं, पाठमोरं. लाल स्नायूंचे पट्टे एकमेकांवर घातलेले. नानाला तो माणूस आवडला नाही. बिचाऱ्याला मागून कोण बघतंय, काय बघतंय, याचा पत्ताच नव्हता.

"शर्ट काढा."

"थंडी आहे."

"पंखा बंद करते," बाई म्हणाल्या आणि खरंच केला.

रुमालाची घडी खाली पडली. बाईंनी ती उचलून टेबलावर ठेवली. मग त्या मागे गेल्या. नानाला त्या दिसेनाशा झाल्या आणि त्याचं अंग आखडलं.

"खांदे कानाकडे उचला. मी वरून दाबते, तुम्ही उचला."

उजवा खांदा दाबाखाली तसाच राहिला. डावा बसला.

"आता हात बाजूने वर न्या."

नानाने याची तयारी केली होती. हात खांद्याइतका गेला की कमरेतून उजवीकडे झुकायचं. मग हात वर गेल्यासारखा दिसतो. तो झुकला.

"सरळ उभे राहून, नाना."

हात तिथेच थांबला.

"मानेवर ही खूण कसली?"

"गाठ होती. साधी."

बाई त्याला चित्रापाशी घेऊन गेल्या. "हा बघा. कवटीच्या मागून सुरू होतो, दोन्ही खांद्यांपर्यंत पसरतो आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत निमुळता होत जातो. पतंगासारखा. हातात ओझं घेतलं की खांदा वर धरून ठेवायचं काम याचं. याची नस मानेत अगदी वरवरून जाते. गाठ काढताना तिला इजा झाली असणार. डाव्या बाजूचा हा स्नायू वाळून गेलाय तुमचा." त्यांनी बोट आत सरकवलं. "याच्या खाली हे दोन लहान. एक मानेपासून पात्याला वर ओढतो, दुसरा पात्याला मणक्याकडे धरून ठेवतो. सध्या सगळा भार हे दोघं ओढतायत. कळ येते ती त्यांची."

"बरा होईल?"

"लगेच आला असतात तर नसेचं काही करता आलं असतं. आता व्यायामाने थोडं सुधारेल. स्ट्रेचर मात्र नाही."

नानाने शर्ट चढवला. डाव्या बाहीत हात घालताना त्याला नेहमीसारखी युक्ती करावी लागली. आता लपवायचं काही नव्हतं तरी त्याने ती पाठ वळवून केली.

"त्यानेच सांगितलं ना तुम्हाला?"

"कुणी?"

"साडूने. रोज येतो इथे. मला ठाऊक आहे तो का येतो."

बाईंनी मान हलवली. "त्याने तुमचं नावही काढलं नाही. मी विचारलं, कंबर एवढी कशाने धरली, तर म्हणतो घरी कपाट सरकवलं. पुढच्या आठवड्यात विचारलं, पुन्हा कपाट. इतक्या वेळा कपाट सरकवणारा माणूस मी पाहिला नाही." त्या टेबलापाशी बसल्या. "मणक्याच्या दोन्ही बाजूंचे त्याचे लांब स्नायू लाकडासारखे झालेत. ज्याला रोज दुप्पट उचलावं लागतं त्याची पाठ अशी होते. स्ट्रेचर दोघांचं काम. एकाकडे दुप्पट येतंय, तर दुसऱ्याकडे किती येतंय, हे बघावंसं वाटलं. म्हणून बोलावलं."

नानाने टेबलावरची रुमालाची घडी उचलून खिशात घातली.

"मुकादमांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगतो," नाना म्हणाला.

पण तो आधी मुकादमाकडे गेला नाही. मागच्या बाजूला स्ट्रेचर धुवायची जागा होती. धाकटा तिथे रबरी नळीने कॅनव्हासवरचे डाग काढत होता. नाना नळाजवळ जाऊन उभा राहिला.

"कधीपासून माहीत होतं?"

धाकट्याने पाणी बंद केलं नाही. "मागे एकदा तुम्ही शर्ट बदलत होतात. पातं बाहेर आलेलं दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

"मला!"

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

पाणी मोरीतून गुळगुळ करत जात होतं. इतक्या वर्षांचा एक प्रश्न नानाच्या ओठांवर आला. आज तो गिळवेना.

"त्या वेळी मेट्रनला तूच सांगितलं होतंस?"

आता धाकट्याने नळ बंद केला. हात पँटला पुसले.

"हो."

नानाला पहिल्यापासून खात्री होती. तरी तो शब्द ऐकल्यावर तो बाजूच्या कठड्यावर बसला.

"तुम्ही खरंच झोपला होतात, नाना. दोन हाका मारल्या. म्हातारा पेशंट दारात ट्रॉलीवर धापा टाकत होता, मी एकट्याने ढकलत नेला. राग आला, सांगून टाकलं. जागा जाईल असं नव्हतं वाटलं."

"आणि आता म्हणून माझं ओझं उचलत होतास? फेड म्हणून?"

"छे!" धाकटा पहिल्यांदाच चिडला. "जिन्यावर तुमचा खांदा सुटला तर स्ट्रेचरवरचा माणूस खाली येणार. माणूस पडला असता. त्यात फेड कसली?" तो कमरेवर हात दाबून जरा वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुम्हाला काढून टाकलं असतं तर बायकोनं मला घरात घेतलं नसतं, ते वेगळं."

नाना हसला नाही. पण उठताना त्याने विचारलं, "कंबर फार दुखते का?"

"वाकलं की."

"वाकू नकोस मग. ही नळी दे इकडे."

उजव्या हाताने त्याने उरलेलं स्ट्रेचर धुतलं. धाकटा बाजूला उभा राहून कुठे डाग राहिलाय ते दाखवत होता. नानाला वाटत होतं, हा मुद्दाम दाखवतोय. सवय अशी एका दिवसात जात नाही.

मुकादमाने ऐकून घेतलं आणि नानाला चादरींच्या खोलीत टाकलं. धुऊन आलेल्या चादरी रचायच्या, वॉर्डांना द्यायच्या. काम बसून होतं. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक गठ्ठा दोनदा तपासला, धोबी काही लपवत तर नाही ना म्हणून. धाकट्यालाही काही आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली आणि स्ट्रेचरवर नवी जोडी आली, दोघं उंच, दणकट, आपापसात सारखे बोलणारे.

एका सकाळी नाना चादरींचा गठ्ठा उजव्या काखेत धरून बोळातून जात होता. मागून पावलं धावत आली.

"काका, बाजूला! बाजूला व्हा!"

नाना वळला. स्ट्रेचर अंगावर येत होतं, पुढचा पोरगा दांडे घट्ट धरून, मान ताठ. नाना झटकन भिंतीला टेकला आणि गठ्ठा छातीशी घेतला. पेशंटच्या नातेवाइकांनी उभं राहावं तसा. दोघं पोरं त्याच्या पोटाला वारा लावत निघून गेली. पायऱ्यांपाशी त्यांची पावलं हळू झाली, मग खाली उतरत गेली.

बोळ रिकामा झाला. नाना भिंतीला पाठ लावून तसाच उभा राहिला. भिंत गार होती, आणि डाव्या बाजूला, बाहेर आलेल्या पात्यापाशी, ती जास्त लागत होती.