चूक, इशारा आणि सल्ला

“अहो आकाराम, दोन ओळी नीट मांडल्या नाहीत म्हणून आख्खा प्रोग्राम परत?” मधुकरने प्रोग्रामची छिद्रं पाडलेल्या पंच कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“शिस्त म्हंजे शिस्त,” आकाराम म्हणाला. “पलटणीत बुटाला पालिश नसंल तर परेडला उभं करत न्हवते.”

“पण बूट मळका असला तरी माणूस चालतो ना?”

मशीनच्या खोलीतले विद्यार्थी हसले. आकारामची कानशिलं तापली.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आकाराम फलटणकडचा, फौजेत सिग्नलमध्ये उमेदीची वर्षं काढलेला. सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायला त्याला घेतलं. मधुकर वाईचा, भिक्षुकाच्या घरातला, बोलायला मऊ. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दोघांनी मिळून लिहिला होता. पण अडलेले विद्यार्थी जायचे ते मधुकरकडे.

तक्रारी वाढल्या तेव्हा प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. मधुकर म्हणाला, “तीन वर्ग करू. प्रोग्राम चालूच शकत नाही, ती चूक, तिथंच थांबवायचं. चालेल, पण उत्तराबद्दल शंका आहे, तो इशारा. आणि उत्तर बरोबर, फक्त काम लवकर झालं असतं किंवा लिहिणं नीटनेटकं हवं होतं, तो नुसता सल्ला. तो शेवटी वेगळा छापायचा. नको त्याने बंद ठेवावा.”

प्राचार्यांनी मान डोलावली. आकारामलाही ते ऐकताक्षणी पटलं, आणि सलत राहिलं ते तेच. इतकी सरळ गोष्ट आपल्याला का सुचू नये?

बदल करायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने चुका वेगळ्या काढल्या. बाकी सगळं एका ढिगात घातलं आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ‘इशारा’ ठोकला. थांबवू नका म्हणता ना? नाही थांबवत.

“सल्ल्यांचं काय झालं?” मधुकरने विचारलं.

“करतू की. सवड मिळू द्या.”

एका रविवारी मधुकर त्याच्या घरी जेवायला आला. आकारामची बायको मनुबाई हिने त्याच्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली. “लय साधा माणूस हाय,” तो गेल्यावर ती म्हणाली. सल्ले वेगळे काढायचं काम उद्या उरकून टाकू असं आकारामने सकाळीच ठरवलं होतं. तिच्या तोंडून मधुकरचं कौतुक ऐकलं आणि ते तिथंच राहिलं.

पुढे स्थापत्य विभागातल्या अनसूयाबाई प्रोग्राम घेऊन आल्या. माधवनगरच्या पलीकडे एका वाडीला नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं होतं, आणि पंप केवढा लागेल हे मशीनवर काढायचं होतं. प्रिंटरमधून कागद येतच राहिला. ओळी सारख्या मांडा. हा गुणाकार पुन्हा पुन्हा करू नका. इशारा, इशारा, इशारा.

“एवढं सगळं चुकलंय?”

“तसंच असतंय, बाई. चालतोय न्हवं प्रोग्राम?” आकाराम म्हणाला. त्यानेही ते वाचलं नव्हतं.

पंप सुरू करायच्या दिवशी सारी वाडी टाकीपाशी गोळा झाली. कॉलेजची मंडळीही गेली होती. निम्म्या चढावरच्या व्हॉल्व्हला पाणी दिसलं. टाकीच्या तोंडाशी मात्र नुसती हवा फुसफुसली. मग धोंडुबाई नावाच्या म्हातारीने रिकामी घागर कमरेला लावली. “चला गं. नदी हाय तिथंच हाय.” बायका उतरायला लागल्या. अनसूयाबाईंना मान वर करवेना.

प्राचार्यांच्या खोलीत मधुकरने तो लांबलचक कागद उलगडला आणि मध्यावर बोट ठेवलं. वरच्या चढाची उंची घालायचीच राहिली होती. ती दिल्याशिवाय वापरली आहे, असा इशारा तिथे छापलेला होता. मशीनने ती शून्य धरली होती.

“मशीनने सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पण आपण ते बडबडीत पुरलं. बाईंनी यातलं काय ऐकायचं? संदेशांची जबाबदारी माझी होती.”

प्राचार्यांनी तो इशारा वाचला. मग म्हणाले, “मधुकर, असं अंगावर घेणारी माणसं कमी असतात.”

बाजूला उभा असलेला आकाराम मनात धुमसला. चूक माझी, आणि तिचाही मान यालाच!

बाहेर व्हरांड्यात त्याने मधुकरला गाठलं. “माझं वझं उचलायला तुमाला कुनी सांगितलं?”

“तुमचं कसलं? मी विचारलं आणि परत विचारायचा कंटाळा केला. तेवढं माझंच.”

आकाराम तडक आत गेला. “सायेब, ते काम माझ्याकडं हुतं. म्या ते मुद्दाम टाळलं.”

“मधुकरने सांगितलं ते पुरे,” प्राचार्य मान वर न करता म्हणाले. खरं बोलायलाही त्याला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला बसला. एकेक संदेश हातात घ्यायचा. याने प्रोग्राम अडेल? उत्तर चुकेल? की नुसता वेळ जाईल? बहुतेक सोपे होते. एकाशी तो अडला. प्रोग्राममध्ये एखाद्या आकड्याला नाव दिलं आणि पुढे ते कुठंच वापरलं नाही, तर तो नुसता पसारा की हात घसरल्याची खूण? मधुकरला विचारावं म्हणून तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. त्याने ते इशाऱ्यात घातलं.

वाडीला मोठा पंप बसला. पाणी चढलं. उन्हाळ्यात मधुकर मुंबईला मोठ्या नोकरीवर गेला. स्टेशनवर त्याच्या गळ्यात इतके हार पडले की चेहरा दिसेना. आकारामने घातलेला हार कुठला, हे कुणालाच कळलं नसतं.

नव्या सत्रात अनसूयाबाई दुसरा प्रोग्राम घेऊन आल्या. प्रिंटर थोडका खडखडला आणि थांबला. कागदावर एकच इशारा होता.

“नाव दिलंय, वापरलं नाही?” त्यांनी कार्डं चाळली. “अगं बाई! पुढे एक अक्षर चुकून भलत्याच आकड्याचं नाव घातलंय मी. केवढा घोटाळा झाला असता.” त्या मोकळ्या हसल्या. “मधुकरराव काय सुरेख करून गेलेत, नाही?”

‘ते म्या केलंय’ हे आकारामच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

“व्हय,” तो म्हणाला. “लय हुशार माणूस.”

छिद्रांच्या रेघेवर त्याने कागद हलकेच फाडला, कडेला राहिलेला कपटा नखाने काढला आणि कागद बाईंच्या हातात दिला.