टोक झिजलेले शंख

अर्सेनियोने पाठवलेल्या बाटलीत त्याच्या शिंपल्यांच्या टाकीतले, तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख होते, चिमूटभर. गोगलगायी ओळखणाऱ्या रोसेंडाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फिरवून पाहिला. अशा गोगलगायींच्या जाती दोन, पण दिसायला जुळ्या बहिणी. एक शिंपल्यावरचं शेवाळ खाते, दुसरी सोंड खुपसून शिंपल्याचं रक्त पिते. फरक काय तो टोकाच्या पहिल्या वेढ्यात, आणि टोकं तर झिजलेली. एकाचंच शाबूत होतं. ते शेवाळवालीचं निघालं.

तिने अर्सेनियोला फोन केला. "काळजी नको. निरुपद्रवी आहे."

"वाचलो, मानांग," तो म्हणाला. तिला तो थोरल्या बहिणीचाच मान द्यायचा. "बायको म्हणत होती, रोसेंडाला विचारण्यापेक्षा कोंबड्यांना विचार. त्या खाऊन तरी सांगतील."

त्याच दिवशी त्याने टाकीतले तक्लोबोचे, म्हणजे महाकाय शिंपल्याचे, पिल्लू-शिंपले खाडीत नेऊन गावाच्या जुन्या, परातीएवढ्या तक्लोबोंशेजारी मांडले.

रोसेंडाच्या मनातून मात्र तो एकुलता एक शंख जाईना. काही दिवसांनी तिने उरलेले फोडले. शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायीच्या जिभेवर कानशीसारखे दात असतात. इथे एकीलाही दात नव्हते. तिने फोन लावला, तो लागला नाही. मिळेल त्या जीपनीने तिने पांगासिनानचा किनारा गाठला.

ओहोटी होती. ती आणि अर्सेनियो गुडघाभर पाण्यात उतरली. माणसाची सावली पडताच तक्लोबो खटकन मिटतो. हे मिटले, पण पेंगुळल्या डोळ्यांसारखे. एक मिटलाच नाही. अर्सेनियोने तो उचलला. बुडाशी पांढऱ्या कण्या दाटीने चिकटल्या होत्या. मधूनमधून अंड्यांचे बुळबुळीत पुंजके.

"ही रक्तपिती?"

रोसेंडाने भिंग लावलं. कोवळी होती, टोक धडधाकट होतं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"दात नाहीत, म्हणजे रक्तच पीत असणार. पण ती ही नव्हे. ही मी कधी पाहिलेलीच नाही."

"मग ही मरते कशाने?"

"माहीत नाही, भाऊ. हिला अजून कुणी नावच दिलेलं नाही."

दोघांनी शिंपले घासून कण्या काढायला घेतलं. पिल्लांची रांगही पुरी झाली नाही तोच भरती छातीला लागली. काठाकडे निघताना त्यांनी खाली पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. जुने तक्लोबो तळाशी आ वासून पडले होते, आणि त्यांच्या कडांवर पांढरं काहीतरी हळूहळू सरकत होतं.