हिरवी झाक

ओट्यावर सहा परीक्षानळ्या, स्पिरिटचा एक दिवा, बेनेडिक्टच्या द्रावणाची अर्धी बाटली, एक ड्रॉपर आणि काचेची एक सिरिंज होती. अठ्ठ्याऐंशी साली कळव्यात, खाडीकाठच्या घरात, सुधीरने बापाच्या मधुमेहासाठी एवढी प्रयोगशाळा थाटली होती.

रोज सकाळी तो दामाजीच्या लघवीचे आठ थेंब निळ्या द्रावणात उकळायचा. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. नसली की निळाच.

नौपाड्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांच्यासाठी हिरवी झाक हेच ठीक. एकटे चिखलात उतरतात. साखर फार उतरली तर धरायला कोण? इन्सुलिन अठरा युनिट पुरे."

रसायनशास्त्राच्या पदवीधर सुधीरला हे पटेना. निरोगी माणसाला निळा, मग बाबांना हिरवा का? त्याने परस्पर बावीस युनिट केले. आठवड्यात नळी निळी झाली.

"बग सगुने, पोरानं माजी साखर पार धुऊन काढली!" दामाजी बायकोला म्हणाला.

"जीभ तेवढी धुवाची र्‍हायली," सगुणा म्हणाली.

सातला इंजेक्शन, साडेसातला भाकरी, असं सुधीरने ठरवून दिलं होतं. पण दामाजी खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या, बिळातून काढायचा तो ओहोटीला, आणि ओहोटी रोज पुढे सरकते.

"अरे, पानी काय घड्यालावर चालतं? आज सातलाच उतरतंय," दामाजी म्हणाला.

"इंजेक्शन चुकवायचं नाही, बाबा. भाकरी बरोबर न्या."

दामाजीने भाकरी फडक्यात बांधून घेतली. खाडीत उतरल्यावर घरी परतेपर्यंत तो अन्नाला शिवत नसे. त्याच्या बापाची रीत. सुधीरला ती लहानपणापासून माहीत होती. त्याने नळी दिव्यावर धरली. स्वच्छ निळा. रक्तातली साखर शंभर असो की तीस, हा रंग तोच राहतो, हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं. नळी धुऊन तो कामावर गेला.

दुपारी राघो त्याला कंपनीच्या फाटकावर न्यायला आला. दामाजीच्या शेजारी त्याचीही होडी असे.

"चिखलात बसला होता रं. घामानं न्हालेला, हसत होता. मनाच इचारतो, तू कोन? आमाला वाटलं, दारू मारलीय सकाली सकाली. आमी पन हसलो. झोप म्हटलं, उतरंल, न् होडीत आडवा केला."

"किती वेळ?"

"पानी भरंपर्यंत."

इस्पितळात सगुणा पायाशी बसली होती. ग्लुकोजच्या दोन बाटल्या गेल्या, तरी दामाजीने डोळे उघडले नव्हते. फडक्यातली भाकरी तिच्या मांडीवर तशीच होती.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून कागद आला. नमुना ग्लुकोज देण्याआधीचा. रक्तातली साखर: सव्वीस मिलिग्रॅम.