भिंगरीच्या अंगावरचा डाग

खरं तर मी हे सांगायला नको. "मी म्हणेपर्यंत यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये," असं सरांनी ताईला बजावलंय. मला मात्र कुणी काही बजावलं नाही. माझ्यासारखीला कोण बजावणार? म्हणून मी भीत भीत बोलतेय. जे झालं त्यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

मी एक कांडी आहे. करंगळीच्या पेराएवढी, पांढरी. माझ्या पोटात लोहचुंबक आहे आणि वरून गुळगुळीत वेष्टण. मला काचेच्या चंबूत टाकतात आणि चंबू एका यंत्रावर ठेवतात. यंत्रातला चुंबक फिरू लागला की मीही गरगर फिरते आणि आतलं पाणी ढवळून निघतं. म्हणून मावशींनी माझं नाव भिंगरी ठेवलं.

मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या. गेली एकोणीस वर्षं त्या हेच काम करत आल्या. धुतलेला प्रत्येक चंबू त्या खिडकीसमोर धरायच्या. पाणी सरसर उतरलं तर भांडं स्वच्छ. एक जरी थेंब काचेला चिकटून राहिला तर पुन्हा धुवायचं. "या माझ्या पोरी आहेत," म्हणायच्या, "तोंड न धुता कुणाच्या घरी पाठवायच्या नाहीत."

मी कारखान्यातून आले तेव्हा सरांचे केस काळे होते. ते चांदीवर काम करत होते. दोन वर्षं मी त्यांच्या चांदीच्या पाण्यात फिरले. मग ते काम बंद पडलं आणि मी सगळ्यांच्या डब्यात जाऊन पडले. माझ्या वेष्टणावर एक चरा पडला होता आणि त्यात काळा डाग बसला होता. मावशींनी तो घासघासून पाहिला.

"सर, हिचा डाग काही निघत नाही. हिला काढून टाकू का?"

"फिरतेय ना अजून?" सर मान वर न करता म्हणाले. "मग राहू द्या की. सुंदर दिसायला थोडीच ठेवलीय तिला!"

सगळे हसले. मीही हसले असते.

मग ताई आली. ती इथे पीएचडी करते. ती सोन्याचे इतके बारीक कण बनवते, की केसाच्या जाडीत तसे चार हजार कण शेजारी शेजारी बसतील. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल दिसतं. कर्करोगाचं औषध या कणांवर बसवून थेट गाठीपर्यंत न्यायचं, म्हणजे बाकीच्या शरीराला त्रास कमी, असं ते काम. पण उपचारांनी थकलेल्या या रोग्यांना कधी कधी असे जंतू गाठतात, की त्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही. त्या जंतूंनाही याच कणांनी मारावं, म्हणून ताईने कणांवर चढवायला स्वतः एक लेप शोधला. त्यात तिची तीन वर्षं गेली.

पहिल्यांदा तो लेप बनवला तेव्हा चंबूत मी होते.

काचेच्या बशीत जंतूंची साय धरली होती. ताईने कणांच्या पाण्यात भिजवलेली कागदाची टिकली त्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल होता. तिथे एकही जंतू उरला नव्हता! ताईने सरांना हाक मारली. सर धावत आले आणि कपाळावर चष्मा असताना सगळीकडे चष्मा शोधू लागले.

"म्हणजे आता माणसं वाचतील का गं?" मावशींनी विचारलं.

"वाचतील, मावशी."

मावशींनी ओले हात एप्रनला पुसले आणि ताईचा चेहरा ओंजळीत धरला.

सरांनी आणि ताईने मिळून एका नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवला. तिकडून उत्तर आलं, की प्रयोग आणखी तीनदा करून दाखवा. ताईने केला. या वेळी मी डब्यात होते, चंबूत दुसरी कांडी होती. गोल आला नाही. पुन्हा केला, नाही. तिसऱ्यांदाही नाही. बशीभर जंतू तसेच्या तसे.

सर नळापाशी आले. "मावशी, भांड्यांत साबण राहतोय. पोरीची तीन वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही."

"सर, मी प्रत्येक भांडं उजेडाला धरून..."

"उद्यापासून खाली जिना आणि फरशी बघा. इथे दुसरं कुणी येईल."

मावशींनी एप्रन काढला. एप्रन खुंटीला अडकवताना तो दोनदा खाली पडला. ताई खाली मान घालून उभी होती. तिलाही तेव्हा तेच खरं वाटत होतं.

नवीन माणूस आला, तरी गोल आला नाही. तेव्हा ताईने आपली वही पहिल्यापासून वाचायला घेतली. पहिल्या दिवशीच्या पानावर तिने लिहिलं होतं, 'डाग असलेली कांडी.' तिने डबा उलटा केला आणि मला उचललं. माझा चरा ती भिंगातून बघत राहिली.

दुपारी तिने मला एका चंबूत टाकलं. त्यात सोनं नव्हतं, लेप नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं शुद्ध पाणी. मी फिरत राहिले. संध्याकाळी त्या पाण्यात टिकली भिजवून तिने जंतूंच्या बशीत ठेवली.

सकाळी तिने बशी उघडून उजेडाला धरली.

टिकलीभोवती स्वच्छ गोल होता.

"पाणी आहे हे," ती स्वतःशीच म्हणत होती. "अगं, नुसतं पाणी आहे हे!"

मी तर गोठूनच गेले. जंतू लेपाने मारले नव्हते. माझ्या चऱ्यातल्या जुन्या चांदीने मारले होते. ती थोडी थोडी पाण्यात उतरत होती आणि मला पत्ताही नव्हता. मावशी मला दर वेळी सोनं विरघळवणाऱ्या आम्लात बुडवायच्या, सरांनीच लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे. त्या आम्लात सोनं जातं. चांदी मात्र जात नाही, उलट तिचा खरवडासारखा थर चिकटून बसतो. हे त्या कागदावर नव्हतं.

ताईने मला चिमट्यात धरलं आणि ती कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली. कितीतरी वेळ. चिमटा उघडला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. मग ती वळली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी मला तळहातावर घेतलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "ही तर माझी. चांदीच्या वेळची."

"लेपाने एकही जंतू मेलेला नाही, सर. आणि मावशींची काही चूक नव्हती."

"कुणाला बोलू नकोस. मला विचार करू दे."

"निदान मावशींना तरी सांगूया."

"सांगू. वेळ आली की सांगू."

तीन दिवस झाले. सरांची वेळ काही आली नाही. रोज सकाळी ताई जिन्यात पुसणाऱ्या मावशींना ओलांडून वर येत होती. मावशी फडकं बाजूला घेऊन तिला वाट करून द्यायच्या.

आज ती सरांच्या खोलीत गेली. "मी मावशींना सांगायला चाललेय," म्हणाली आणि टेबलावरून मला उचललं. ती सरळ जिन्यात आली.

"मावशी, हे बघा. हिच्यामुळे झालं सगळं. तुमची काही चूक नव्हती." ताई एका दमात सगळं सांगून गेली.

मला वाटलं, मावशी आता रडतील, नाहीतर चिडतील. एकोणीस वर्षांचं नाव परत मिळालं होतं त्यांचं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे मग... तुझं औषध?"

"नाही, मावशी. औषध नव्हतंच ते."

मावशी मटकन ओल्या पायरीवर बसल्या. स्वतःबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या, "आणि ती माणसं गं?"

ताई त्यांच्या शेजारी बसली आणि आता हुंदके देऊन रडतेय. मी तिच्या मुठीत आहे. मूठ घामाने ओली झालीय. हे सगळं मी तुम्हाला इथूनच सांगतेय. माझं पुढे काय होईल माहीत नाही. बहुतेक मला कापतील आणि आतली चांदी मोजतील. कापू देत. माझं मागणं एवढंच आहे, की चूक सापडली तर सगळ्यात आधी ती ज्याच्या माथी मारली त्याला...

"भिंगरीला घेऊन वर ये!" जिन्याच्या वरून सरांचा आवाज आला. तो नेहमीसारखा नव्हता. "आणि मावशी, तुम्हीही या. सगळ्यांना बोलावलंय मी. सगळ्यांसमोर सांगायचंय मला."

ताई उठली. मला जायला हवं. एवढं सांगायचं राहिलं, की मावशींनी ताईचा हात धरलाय, तो अजून सोडलेला नाही.